पृष्ठभाग समतल करणे

डहाणू तालुक्यातल्या प्रत्येक गाडीला ब्रेक मारायला लावण्यात ज्यांची अख्खी नोकरी गेली, त्या आमच्या साहेबांनी निवृत्त झाल्यावर ब्रेकला बोट लागलं की रुसून बसणारी मोटरसायकल घेतली. ही बातमी ऑफिसात आली तेव्हा शिपायापासून लेखापालापर्यंत सगळे हसले. मी जरा जास्तच हसले, कारण त्यांच्या हाताखाली काम शिकले होते आणि त्यांनी तालुकाभर काय पेरून ठेवलंय हे मला सगळ्यांत चांगलं माहीत होतं.

मी घाटावरची. रस्त्यांच्या खात्यात नवी म्हणून डहाणूला रुजू झाले तेव्हा साहेब तिथले मुख्य होते. किडकिडीत, उन्हाने रापलेले, आणि शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी पाणसळ. काचेच्या नळीतल्या पाण्यात एक बुडबुडा असतो, तो मधोमध थांबला की जागा सपाट समजायची, ती पाणसळ. गवंडी ती भिंतीवर ठेवतात. साहेब कुठेही ठेवत. कॅन्टीनच्या बाकावर, दवाखान्यातल्या खाटेवर, एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात तर जेवणाच्या टेबलावर ताटाशेजारी ठेवली आणि वाढप्याला सांगितलं, "आमटी या बाजूने वाढ, म्हणजे पळून जाणार नाही." मी रुजू झाले त्या दिवशी माझ्या टेबलावरचा बुडबुडा थेट एका टोकाला जाऊन बसलेला पाहून ते म्हणाले, "ताई, इथे काहीच सरळ नाही. सवय होते." झाडूवाली असो की मुंबईहून पाहणीला आलेल्या मोठ्या अधिकारी बाई, साहेब सगळ्यांना ताईच म्हणत.

असा सपाटपणाचा षौक असलेला माणूस आयुष्यभर रस्त्यांवर उंचवटे घालत फिरला.

त्याचं असं की, खड्डे बुजवायला निघालेला डांबराचा माल गरम आहे तोवरच कामाचा. संध्याकाळी ट्रकमध्ये थोडा उरतोच. तो बाकीचे साहेब लोक कुठेतरी कडेला ओतायला लावतात. आमचे साहेब ट्रक एखाद्या पाड्याकडे वळवायचे. तिथे कोणी ना कोणी वाट बघत उभं असायचंच. कोणाची शेळी गाडीखाली गेलेली, कोणाचं पोर थोडक्यात वाचलेलं. राज्यमार्गावर गतिरोधक घालायचा तर वरची परवानगी लागते, पाहणी होते, समिती बसते, आणि तोवर थोडक्यात वाचलेल्या पोराला पोरं होतात. साहेबांना एवढा दम नव्हता, आणि समोरच्याला नाही म्हणणं त्यांना कधी जमलंच नाही. माल ओतला जायचा, रोलर पुढे-मागे फिरायचा आणि दुसऱ्या दिवशी साहेब कामाची नोंद करायचे : पृष्ठभाग समतल करणे. कागदावर पाहिलं तर आमच्या तालुक्याइतके सपाट रस्ते जिल्ह्यात कुठे नव्हते.

प्रत्यक्षात त्या उंचवट्यांना ना आकार होता, ना उतार. उरलेल्या मालाचे ते ढिगारे होते. रंगाचे पट्टे नाहीत, पाटी नाही. नवखा ड्रायव्हर त्यावरून उडाला की साहेबांच्या आईवडिलांची आठवण काढायचा. साहेबांना त्याचं काही वाटायचं नाही. ते म्हणायचे, "ताई, ब्रेक म्हणजे नकार नव्हे. विचारपूस आहे. कुठे निघालास, घाई कसली, एवढंच आपण विचारतो." प्रत्येक ढिगाऱ्याला त्यांच्या लेखी मालक होता. जीपमधून जाताना ते आम्हाला ओळख करून द्यायचे. हा आशागडच्या शाळेचा. हा कैनाडच्या त्या पेंढा वाहणाऱ्या गाडीवानाचा, त्याचे बैल बुजायचे. हा रानशेतजवळचा बुधीचा. आणि प्रत्येकाला ओलांडताना उजवा हात थोडा वर करायचे, ओळखीच्या माणसाला करावा तसा.

एकदा वाढवणहून तक्रार आली की गावात कोणीतरी रस्त्यावर जहाजाचा जुना जाडजूड दोर आडवा टाकून, खिळे ठोकून गतिरोधक केलाय, तो बेकायदा आहे, काढा. साहेब आणि मी गेलो. साहेबांनी जीपमधून उतरून मोजमापाची टेप काढली मात्र, दोन्ही बाजूंच्या घरांतून बायका बाहेर आल्या. होऊ घातलेल्या बंदराच्या धास्तीने त्या गावात टेप घेतलेला माणूस म्हणजे वैरीच. एकीने टेपचं दुसरं टोक पायाखाली दाबून धरलं आणि विचारलं, "काय मोजाला आलाव? आमचा समुद्र?" साहेब शांतपणे म्हणाले, "नाही ताई. दोर आखूड पडलाय. कडेने मोटरसायकली निसटतात. अजून थोडा मिळेल का?" चहा झाला, सुकट बांधून मिळाली आणि दोर दोन्ही बाजूंनी वाढवून आम्ही परत आलो. तक्रारीवर साहेबांनी शेरा मारला, पाहणी केली, रस्ता समतल आहे.

या सगळ्याची किंमत एकट्या काकूंनी मोजली. काकू म्हणजे साहेबांच्या पत्नी. त्यांचं माहेर तलासरीच्या जरा आत. त्यांना बंद गाडीचं भारी वावडं. बस, जीप, मोटार, काहीही चालू झालं की चारोटीचा हायवे लागायच्या आत उलटी. तलासरीला रेल्वे जात नाही. त्यामुळे लग्नानंतर सगळी वर्षं त्या साहेबांच्या स्कूटरवर मागे बसून माहेरी गेल्या, आणि डहाणू ते चारोटीपर्यंत नवऱ्याचं सगळं जनहित त्यांनी स्वतःच्या कमरेवर झेललं. शेवटी मणक्याने संप केला. डॉक्टरांनी सांगितलं, एकही हिसका नको. काकू मला म्हणाल्या होत्या, "अगं, साऱ्या तालुक्याची हाडं वाचवली यांनी. घरातली मोडली, ती हिशेबात नाहीत."

हसून म्हणाल्या, पण तेव्हा दोन भाऊबिजा चुकल्या होत्या. काकूंना एकच भाऊ. त्याला अर्धांगाचा झटका आलेला, अंथरुणाला खिळलेला. तो येऊ शकत नव्हता आणि या जाऊ शकत नव्हत्या. फोनवर त्याचं बोलणं नीट कळायचं नाही. काकू फोन कानाला लावून नुसत्या हं हं करत बसायच्या. साहेब तेव्हा अंगणात जाऊन उगीच झाडांना पाणी घालत, असं त्यांनीच मला सांगितलं. निवृत्त होताना त्यांनी काकूंना शब्द दिला की पुढची भाऊबीज तुझ्या भावाकडे, आणि एकही हिसका न देता.

म्हणून ती मोटरसायकल. लांबच्या प्रवासाची, भलीमोठी, मागच्या सीटला खुर्चीसारखी पाठ आणि दोन्ही बाजूंना डबे. साहेब तिच्यावर बसले की पायांचे फक्त चवडे जमिनीला लागायचे. ती ऑफिसात दाखवायला आणली तेव्हा त्यांनी आधी टाकीवर पाणसळ ठेवली. मग डाव्या मुठीजवळचं बटण दाखवलं.

"हे क्रूझ कंट्रोल, ताई. हवा तो वेग आला की हे दाबायचं. मग मूठ सोडून द्या. चढ असो, उतार असो, गाडी तोच वेग धरून ठेवते. हिसका येतो तो मूठ पिळण्यातून. माणसाचा हात एकसारखा नसतो. मशीनचा असतो."

"आणि थांबायचं झालं तर?"

"ब्रेकला किंवा क्लचला बोट लागलं की ते सुटतं. आपोआप." एवढं बोलून त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. माझ्याही मनात तेच आलं होतं, पण मी काही बोलले नाही. कॅन्टीनवाल्याला तेवढा पोच नव्हता. तो म्हणाला, "म्हणजे साहेब, आपल्या रस्त्यावर ते बटण नुसतं शोभेचंच."

झालंही तसंच. पहिल्या दिवशी साहेब डहाणूहून निघाले. स्टेशनचा गजबजाट मागे टाकून, गाडी वरच्या गिअरमध्ये आणून त्यांनी बटण दाबलं, मूठ सोडली, आणि समोर आशागडच्या शाळेचा ढिगारा. ब्रेक. बटण सुटलं. पुन्हा वेग, पुन्हा बटण, आणि पुढचा ढिगारा. चारोटीपर्यंत हेच. हायवेला लागेपर्यंत त्यांचा अंगठा दुखायला लागला. त्या बटणाशेजारी अजून एक बटण होतं, ते दाबलं की सुटलेला वेग गाडी स्वतःहून परत धरते. पण ते त्यांनी एकदाच वापरलं. ढिगारा ओलांडून ते दाबल्यावर गाडी आपणहून पळत सुटली आणि साहेबांना वाटलं, अंगात आलंय हिच्या. त्यांनी गाडी बाजूला घेऊन तिचं माहितीपुस्तक झाडाखाली बसून परत पहिल्यापासून वाचलं.

मग सुरू झाला चिकूंचा महिना. काकूंच्या जागी मागच्या सीटवर पिकलेल्या चिकूंची करंडी बांधायची, तलासरीला जाऊन यायचं आणि चिकू तपासायचे. चिकू दबला तर काकूंची कंबर दुखणार, असं ते गणित. हायवेवर त्यांचा हात लवकर बसला. हायवे आता सिमेंटचा झालाय, त्याला ठराविक अंतरावर सांधे आहेत आणि प्रत्येक सांध्यावर गाडी बारीकशी ठेचकाळते. साहेब बटणाला एकेक टिचकी मारून वेग एकेका आकड्याने उतरवत राहिले, आणि एका वेगाला ते ठेचकाळणं थांबलं. वेग कमी करायला ब्रेक लागतोच असं नाही, टिचकी पुरते, हा त्यांना निवृत्तीनंतर लागलेला शोध. पावसाने रस्ता ओला असेल किंवा ट्रकची रांग असेल तर बटणाला हातही लावायचा नाही, हेही ते बजावून सांगायचे. आम्ही सगळे माना डोलावून ऐकायचो. आमच्यापैकी कोणाकडे तसली गाडी नव्हती आणि घ्यायची ऐपतही नव्हती.

हायवेचे चिकू शाबूत राहायचे. पण डहाणू ते चारोटीच्या रस्त्यावर त्यांचा लगदा व्हायचा. तपासून झालेली करंडी साहेब आमच्या ऑफिसात आणून ठेवत. महिनाभर आम्ही दुपारी चिकूचं मिल्कशेक पीत होतो, आणि ग्लासातला रंग बघून लेखापाल सांगायचे, आज कुठे आपटले.

दिवाळी जवळ आली तशी साहेबांची बोलण्यातली मजा गेली. एक दिवस ते ऑफिसात आले आणि आत न येता बाहेर बाकावर बसले. अर्जदार बसतात त्या बाकावर. त्यांच्या जागी आता मी होते. मी धावत बाहेर गेले, आत चला म्हटलं. ते उठले नाहीत.

"मी कामाला आलोय, ताई. त्या रस्त्यावरचे गतिरोधक काढून टाका. सगळे नाही जमणार तर निदान रानशेतजवळचा. तो सगळ्यांत उंच आहे. बाकीच्यांवर मी सावकाश नेईन."

मी खाली मान घालून म्हटलं, "साहेब, तो काढता येत नाही. तो कागदावर नाहीच. कागदावर तिथे रस्ता समतल आहे. जे नाही ते काढायचा आदेश मी कसा देऊ?"

मग त्यांचा चेहरा उजळला. इतकं समाधान मी त्यांच्या तोंडावर माझ्या एकाही चांगल्या कामानंतर पाहिलं नव्हतं. म्हणाले, "बरोबर. अगदी बरोबर. तयार झालात तुम्ही." आणि उठून निघाले. माणसाने आयुष्यभर कोणाला नाही म्हटलं नव्हतं, आणि त्याला पहिला नकार त्याच्याच शब्दांत माझ्याकडून मिळाला होता.

दुसऱ्या दिवशी मी जीप घेऊन त्यांच्या दारात गेले. म्हटलं, आदेश देता येत नाही, पण पाड्यावर जाऊन विचारता येईल. त्यांनी स्वतःहून खणला तर मी काही पाहिलेलं नाही.

रानशेतच्या अलीकडे रस्त्याला लागून तो पाडा आहे. एका बाजूला घरं, दुसऱ्या बाजूला बोअरिंगचं पाणी आणि शेतं. साहेब उतरले तशी माणसं जमली. बाज टाकली, पाणी दिलं. बुधी आजी घरातून दार धरत धरत आली. तिची सून तिला बाजेपर्यंत घेऊन आली. साहेबांना विचारायला तोंड फुटेना. शेवटी त्यांनी जमिनीकडे बघत काकूंची कंबर, भाऊ, भाऊबीज, सगळं सांगितलं.

बुधी आजीने पुरतं ऐकून घेतलं. म्हणाली, "काढा ना साहेब. तुमीच घातलाव, तुमीच काढा. बाईला भावाकडं जावाचा हाय, त्यात काय विचाराचा?" आणि मुलाला म्हणाली, "टिकाव आण रे."

टिकाव आला. दोघं-तिघं खणायला सरसावले. तेवढ्यात बुधी आजी उठली, रिकामी कळशी काखेला मारली आणि पाण्याला म्हणून रस्त्याकडे निघाली. कडेला उभी राहिली. मान वळवून बघितलं नाही, ना इकडे ना तिकडे. एक टेम्पो येत होता. तो ढिगाऱ्याशी मंदावला, गिअर बदलला, आणि तो आवाज बदलल्याबरोबर आजी रस्त्यावर उतरली. टेम्पो थांबला. ती पलीकडे गेली.

साहेबांनी हाक मारली, "आजी, बघत नाही का येणारी गाडी?"

"काय बघाचा? डोळं गेलं माझं. गाडी टेंगलावर येते, हलू होते, आवाज करते. मंग जावाचा. पोरांना पण तेच शिकवलाय."

ज्याने टिकाव उचलला होता त्याच्या हातातून साहेबांनी तो काढून घेतला आणि भिंतीला टेकवून ठेवला. डहाणू आल्यावर खिशातून पाणसळ काढून तिच्याकडे बघत म्हणाले, "काढायचा प्रश्नच नव्हता, ताई. चुकीचा घातला होता. मी इंजिनिअर होतो, मला आकार माहीत होता. उरलेला माल होता, म्हणून ओतला."

पुढचे आठवडे साहेब संध्याकाळी आमच्या उरलेल्या मालाच्या ट्रकमागे मोटरसायकलवरून फिरले. तो माल कुठे घालायचा हे मी विचारलं नाही. प्रत्येक ढिगाऱ्याला पुढून आणि मागून लांब उतार मिळाला, माथा गोल झाला. सावकाश गेलं तर कमरेला कळू नये आणि जोरात गेलं तर ड्रायव्हरला कळावं, असा. साहेब लाकडी साचा धरून गुडघ्यांवर बसायचे आणि रोलरवाल्याला आता पुरे, आता अजून एकदा, असं सांगायचे. मी नोंदी केल्या : पृष्ठभाग समतल करणे. त्या मथळ्याखाली आमच्या ऑफिसात त्या नावाच्या जरा जवळ जाणारं काम पहिल्यांदाच झालं असावं. चिकू शाबूत यायला लागले आणि आमचं मिल्कशेक बंद झालं.

भाऊबिजेचा प्रवास मी पाहिला नाही, पण तो मला दोघांकडून वेगवेगळा इतक्यांदा ऐकायला मिळालाय की मी त्यांच्यामागे बसले होते असंच वाटतं.

सकाळी निघाले. काकूंच्या डोक्याला हेल्मेट, मांडीवर ओवाळणीच्या ताटाची पिशवी. रानशेत ओलांडलं. साहेब प्रत्येक उंचवट्यावर गाडी मंद करत, हात वर करत, आणि ओलांडला की ते भुताचं बटण दाबत. आता त्यांना त्याची भीती वाटत नव्हती. सुटलेला वेग गाडीने परत धरणं त्यांना आवडायला लागलं होतं. चारोटीला हायवे लागला. वेग धरला, टिचक्या मारून तो सांध्यांना जुळवला, मूठ सोडली. दापचरी मागे गेलं आणि साहेबांच्या पाठीवर काहीतरी टेकलं. काकूंचं हेल्मेट. काकू झोपल्या होत्या.

"ताई, तिला झोप लागली होती," साहेब मला सांगायचे, आणि प्रत्येक वेळी इथे थांबायचे. "दोन वर्षं ती रात्री कुशीवर वळायची तेव्हा तोंडातून आवाज यायचा. मी जागा असायचो. तिला वाटायचं मी झोपलोय. आणि आता पाठीवर तिचा श्वास एकसारखा लागत होता. तलासरीचा फाटा आला. वळायचं तर ब्रेक लावायला हवा. ब्रेक लावला असता तर ती उठली असती."

साऱ्या तालुक्याला ब्रेक लावलेल्या माणसाला तिथे ब्रेक लावता आला नाही. फाटा गेला. आच्छाड गेलं. महाराष्ट्र संपला. साहेब मूठ सोडून, पाठ ताठ धरून, त्याच वेगाने गुजरातेत शिरले. पुढे भिलाड. तिकडे तलासरीला मेव्हणा आंघोळ करून, नवा सदरा घालून, खुर्चीत टेकून दाराकडे बघत बसला असणार हे त्यांना माहीत होतं. "एका बाजूला तो आणि एका बाजूला ही झोप. मला काही सुचेना. मी आपला टिचकी मारत राहिलो. एकेक आकडा खाली." असं उतरत उतरत इतका वेग कमी झाला की ते यंत्र स्वतःच सुटलं, आणि गाडी रस्त्याच्या कडेला एका पानाच्या गादीसमोर कुठलाही हिसका न देता थांबली. पानवाल्याने विचारलं, "क्यां जवानु छे, काका?"

काकूंची हकिकत तिथून सुरू होते. "जाग आली तर कंबर दुखत नव्हती. जराही नाही. समोर बघते तर सगळ्या पाट्या गुजरातीत. मी म्हटलं, झालं, आपण गेलो. फक्त वर सगळं गुजरातीत चालतं हे माहीत नव्हतं." मग त्यांना खरा प्रकार कळला. त्या पानवाल्यासमोर त्यांनी साहेबांना जे सुनावलं ते दोघांपैकी कोणीही मला पूर्ण सांगितलेलं नाही. एवढं कळलं की शेवटी काकू म्हणाल्या, "मला उठवायचं होतं. मी कधी उठले नाही का तुमच्या हाकेला?" आणि गाडी वळवून, तलासरीपर्यंत त्यांनी साहेबांचा खांदा घट्ट धरून, डोळे उघडे ठेवून प्रवास केला.

भाऊ दुपार टळली तरी जेवला नव्हता. बहिणीला बघून त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. काकूंनी ताट सजवलं, निरांजन लावलं आणि त्याच्या पाठीलाच ओवाळलं. तेव्हा तो वळला. रडत होता, आणि चांगल्या हाताने साहेबांकडे बोट दाखवून काहीतरी म्हणत होता. ते शब्द फक्त काकूंना कळले. त्या म्हणाल्या, "विचारतोय, एवढा वेळ कुठे ब्रेक मारत बसला होता."

त्यानंतरच्या भाऊबिजा काही चुकल्या नाहीत. साहेब वर्षभर ती गाडी पुसत आणि वर्षातून एकदा ती खऱ्या कामाला लावत. मग एका सकाळी ते उठलेच नाहीत. रात्री झोपले ते झोपेतच गेले. काकूंना शेजारी काही कळलंसुद्धा नाही. मी भेटायला गेले तेव्हा त्या गाडीवरची धूळ पुसत होत्या. "बघ, मला उठवलं नाही यांनी. याही वेळी नाही," असं त्या म्हणाल्या आणि मग आम्ही दोघी बराच वेळ रडलो.

पुढच्या वर्षी त्या रस्त्याला नवा थर मंजूर झाला. मोठा कंत्राटदार, मोठी यंत्रं. आधी सगळं खरवडून काढायचं, मग सलग डांबर. मंजूर आराखड्यात एकही गतिरोधक नव्हता, कारण आमच्या नोंदींप्रमाणे तिथे कधी एकही नव्हता. दर वर्षी तेच लिहिलेलं होतं, साहेबांच्या अक्षरात आणि नंतर माझ्या. मी नव्यासाठी प्रस्ताव पाठवला. समिती बसणार होती. अजून बसायची आहे. रस्ता मात्र झाला, आणि इतका गुळगुळीत झाला की वरच्या साहेबांनी मला अभिनंदनाचा फोन केला.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी काकू ऑफिसात आल्या. माहेराहून उघड्या रिक्षातून परतत होत्या, रिक्षा बाहेर उभी होती. त्या आत आल्या नाहीत, बाकावर बसल्या. मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले.

"रस्ता छान केलास. चारोटीपासून इथपर्यंत कमरेला काही कळलं नाही."

"मी नाही केला, काकू."

"रानशेतजवळ मी रिक्षा थांबवायला लावली. ती म्हातारी रस्त्याच्या कडेला कळशी घेऊन उभी होती. मी काल माहेरी गेले तेव्हाही उभी होती. गाड्या एका आवाजात येतात आणि एका आवाजात जातात. ती उभीच. सून येऊन धरून नेते, मग पलीकडे उभी." त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. "तिथे एक घाल."

"काकू, परवानगी नाही. आणि तुमची कंबर..."

"माझ्या कमरेचं मी बघते. संध्याकाळी माल उरतो ना तुमचा?"

"नोंद काय करू?"

"ते काय करायचे?" काकूंनी पिशवीतून साहेबांची पाणसळ काढली आणि आमच्या दोघींच्या मध्ये बाकावर ठेवली. बुडबुडा एका टोकाला गेला. "तीच कर."

आठवड्याभरात ते झालं. रोलरवाला जुनाच होता, साचा साहेबांच्या पडवीतून आणला. काकू बाजेवर बसून होत्या आणि उतार लांब हवा, अजून लांब, असं सांगत होत्या. डांबर थंड झालं तशी बुधी आजी आली. अनवाणी पायाने तिने चढ चाचपला, माथा चाचपला, पलीकडचा उतार चाचपला. लांबून एक ट्रक येत होता. तो मंदावला, त्याचा आवाज बदलला, आणि आजी कळशी घेऊन पलीकडे गेली. पाणी भरून तशीच परत आली आणि काकूंसमोर उभी राहिली.

"बरा झालाय. हा कोणाचा?"

"साहेबांचा," काकू म्हणाल्या.

आजीने रस्त्याच्या दिशेने उजवा हात थोडा वर केला. मी ऑफिसात जाऊन नोंद केली. पृष्ठभाग समतल करणे.